निळी शेपटी

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आणि गुणाजीच्या घरात शिरलेल्या उंदराने नेमकं नवं जाळं कुरतडलं. "मारू नकात हां, गणपतीचा वाहन आसा ता," बायकोने, हिराने, बजावलं. म्हणून गुणाजीने सुका बोंबील लावून त्याला पिंजऱ्यात धरलं आणि गुपचूप शेजारच्या महादूच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पुन्हा उंदीर! गुणाजीच्या मनात पाल चुकचुकली. होडीचा उरलेला निळा रंग शेपटीला फासूनच त्याने उंदीर परत महादूकडे सोडला.

तिसऱ्या दिवशी निळी शेपटी पिंजऱ्यात हजर.

"बघ गो! महादूच आणून सोडता. माका पयल्यापासून संशय होतो!"

हिरा पिंजऱ्यावर वाकली. "शेपटी तुमी रंगवलात. पण ह्याचे कान पिवळे कोणी केल्यान?"



समोर वाळूवर महादूची होडी वाळत होती, ताज्या पिवळ्या रंगात.