पडायला हवं

"पड!" बन्सीलाल टीव्हीकडे बघत म्हणाला.

पडद्यावर रॉकेट अजून वर चढत होतं. सकाळचे अकरा वाजले होते. भुसावळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बाप खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. मुलगा जीवन मागे भिंतीला टेकून उभा होता. हे रॉकेट एकदा उडवून समुद्रात टाकायचं नव्हतं. ते वर जाऊन परत येणार होतं आणि काँक्रीटच्या ओट्यावर आपल्या पायांवर उभं राहणार होतं, पुन्हा उडण्यासाठी.

पहिल्या चाचणीत ते उतरताना आडवं पडलं आणि जळालं. तेव्हा जीवन ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत टेक्निशियन होता. कंपनीचा प्रमुख हितेंद्र दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना म्हणाला, "डिझाइन निर्दोष आहे. एका माणसाने इंधनाचा व्हॉल्व्ह नीट बसवला नाही." त्या माणसाचं नाव पेपरात छापून आलं. नोकरी गेली, जमलेलं लग्न मोडलं. जीवनने कोर्टात दावा लावला, पण तिथेही कंपनीचं म्हणणं तेच. डिझाइन निर्दोष. अशी दोन वर्षं गेली. जीवन आता बोअरच्या मोटारी दुरुस्त करत होता.

बन्सीलालने तीस वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून काढली होती. इंजिनांच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह खोलण्यात त्याची हयात गेली. मुलाने कागदावर चित्र काढून दाखवलं तसं त्याच्या लगेच लक्षात आलं. टाकीतल्या भयंकर थंडीने व्हॉल्व्हचं सील आकसतं, मग उतरताना इंजिन पेटायला उशीर होतो. बसवणाऱ्याचा काही दोष नाही. तेव्हापासून त्याने त्या कंपनीची एकही बातमी सोडली नव्हती. त्यांनी नुसतं इंजिन जमिनीवर पेटवून पाहिलं, तरी तो व्हिडिओ दहा-दहा वेळा बघायचा. दुसरी चाचणीही फसली. त्या वेळी हितेंद्रने एका वेल्डरला काढलं. बन्सीलालने गल्लीत पेढे वाटले. जीवन त्या दिवशी जेवला नाही.

"आता बघ," बन्सीलाल पुढे झुकला. "सील तेच शे. बठ्ठं, सगळं राख व्हणार."

रॉकेट खाली येऊ लागलं. क्षणभर ते नुसतंच कोसळत होतं. बन्सीलालने मुठी आवळल्या.

इंजिन पेटलं. अगदी वेळेवर. पाय उघडले. धुळीचा लोट उठला आणि हळूहळू विरला. रॉकेट सरळ उभं होतं.

"कसं काय?" बन्सीलाल जीवनकडे वळला.

"सील बदललं त्यांनी. माझ्या जागेवर एरंडोलचा समाधान लागलाय ना, त्याला मीच नवं चित्र पाठवलं. त्याने ते साहेबापुढे ठेवलं."

बन्सीलाल ताडकन उठला. तिशीतल्या मुलावर त्याचा हात उगारला गेला.

"दोन वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघितली! ज्याने तुला मातीत घातलं, त्याच्या गळ्यात हार घालायला गेलास?"

"पडलं असतं तर त्याने या वेळी समाधानचं नाव घेतलं असतं, आबा." जीवनने टीव्हीचा आवाज वाढवला आणि मोबाइल पडद्यासमोर धरला. "बसा जरा."

हितेंद्रच्या गळ्यात खरोखरच हार होता. आधीची दोन उड्डाणं का फसली, असं वार्ताहर बाईंनी विचारलं. तो मोकळेपणाने हसला.

"सीलची मूळ रचनाच चुकीची होती. मला तर पहिल्या चाचणीच्या आधीपासून ते माहीत होतं. हे नवं सील माझ्याच डोक्यातून आलंय."

बन्सीलालचा हात खाली आला. तो एकदा पडद्याकडे आणि एकदा मुलाकडे बघत राहिला.

जीवनने रेकॉर्डिंग थांबवलं आणि ते वकीलबाईंना पाठवून दिलं.

"हरल्यावर तो नेहमी दुसऱ्याचं नाव सांगतो," तो म्हणाला. "स्वतःचं सांगायला त्याला जिंकवावं लागलं. परवा तारीख आहे, आबा."