बरं, येते

शलाकाआजी एकशे चार वर्षांच्या. बोटं चालेनाशी झाल्यापासून त्या नुसतं बोलायच्या आणि यंत्र त्यांच्या शैलीत ब्लॉग लिहायचं. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, म्हणून त्यांचा प्रत्येक लेख ‘बरं, येते’ असा संपायचा.

आज त्या म्हणाल्या, “लिही. फार दुखतंय. सगळे नुसते वाचतात, भेटायला कुणी येत नाही. आता जाते.”

वृद्धाश्रमातल्या रेवतीने ब्लॉगवर आलेला लेख वाचून दाखवला, “लोणचं छान मुरलंय. बरं, येते.”

“अगं, हे मी बोललेच नाही!”

“आजी, तुमच्या शैलीत न बसणारं काही असलं की यंत्र ते आपोआप सुधारतं.”

तेवढ्यात टोरांटोहून नातवाची प्रतिक्रिया आली, “आजी, ठणठणीत आहेस की! पुढच्या वर्षी नक्की येतो.”

शलाकाआजींनी तोंड उघडायच्या आत यंत्राने उत्तर धाडलं, “ये रे सावकाश, मला कुठे जायचंय!”