रिकाम्या चौकटी

कुंदा गावंडे लेकीचं, ओवीचं, नाव पाचवीत घालायला नगरपालिकेच्या खिडकीशी आली होती. कारकुनाने नेहमीप्रमाणे यंत्र लावलं. कुठल्या शाळेत घातलं तर पोर तिशीत कसं दिसेल, ते बघून पालकांनी शाळा ठरवायची.

पडद्यावर चार नंबरच्या शाळेची चौकट रिकामी आली. नऊ नंबरचीही रिकामी. अकराचीही.

"यंत्र बिघडलंय ना, भाऊ?" कुंदाने खिडकीतून आत वाकून विचारलं.

"छे. आत्ताच ढोबळ्यांच्या पोराला तिन्ही शाळांत टक्कल दाखवलं. तिशीत जो असेल, तो दिसतोच." त्याने मान वर केली नाही. "कुठली लिहू, ताई?"

ओवी वेणीचं टोक चावत उभी होती. कुंदाने तिचा हात घट्ट धरला.

"मधली सुट्टी सगळ्यात मोठी कुठं असते?"