वरच्या तबकातली मेणबत्ती

"एका मेणबत्तीवरून तुम्ही माझ्या बापाला पळपुटा ठरवलंत! चौकशी नाही, साक्ष नाही, आणि लाज तर नाहीच नाही!"

यागोदा ओरडली तेव्हा स्मारक समितीचे तिघेही कॉफी पीत होते. एकानंही कप खाली ठेवला नाही.

युद्धाला वीस वर्षं होऊन गेली होती. द्रिना नदीच्या काठच्या त्या गावात, चर्चच्या अंगणात, हुतात्म्यांचा काळा दगड उभा राहत होता. गावच्या प्रत्येक मेलेल्या सैनिकाचं नाव त्यावर होतं. युद्धात बेपत्ता झालेल्या ओब्रादचं, तिच्या बापाचं, तेवढं नव्हतं.

"दगड मेलेल्यांचा आहे, बाई," समितीतला मास्तर म्हणाला. "तुझा बाप मेलाय असं म्हणतं कोण? तुझी आईच म्हणत नाही. दर रविवारी वरच्या तबकात लावते ना?"

हे सगळ्या गावाला पाठ होतं. चर्चच्या दाराशी वाळूची दोन तबकं. जिवंत माणसासाठी मेणबत्ती वरच्या तबकात लावायची, मेलेल्यासाठी खालच्या. पेर्सा, यागोदाची आई, दर रविवारी एकच मेणबत्ती लावायची, वर. खालच्या तबकाकडे ती बघतही नसे. गावानं निकाल देऊन टाकला होता : नवरा जिवंत आहे, ऑस्ट्रियात दुसरं लग्न करून बसलाय, आणि हिला सगळं ठाऊक आहे. शाळेत पोरं यागोदाला विचारायची, "काय गं, बापानं व्हिएन्नाहून चॉकलेटं धाडली का?"

"अरे, पोरीला असं बोलू नका," वुकोता मध्ये पडला. तो समितीचा अध्यक्ष, आणि युद्धात ओब्रादच्या तुकडीचा प्रमुख. दर थंडीच्या आधी पेर्साच्या दारात सरपण टाकणारा गावातला एकटा माणूस. पेर्सा ते सरपण कधी जाळायची नाही. भिंतीला रचून कुजवायची. बाईचं डोकं फिरलंय, लोक म्हणत.

"हे बघ पोरी," वुकोता म्हणाला, "ओब्रादचं नाव लागावं असं सगळ्यांत जास्त मलाच वाटतं. शनिवारी मृतांचा दिवस आहे. सगळं गाव येईल. आईला म्हणावं, लोकांदेखत एकदा मेणबत्ती खाली लाव. सोमवारी पाथरवट आणतो. 'शत्रूशी लढताना पडला.' विषय संपला."

घरी पेर्सा भाजलेल्या लाल भोपळी मिरच्या सोलत बसली होती.

"खाली लाव," यागोदा म्हणाली. "एकदाच. तुझं काय जातंय?"

"नाही लावणार."

"बाबा जिवंत आहे का?"

"जिवंत असता तर तुला बघायला रांगत आला असता."

"म्हणजे मेलाय!"

"मेलाय."

"मग वर कशाला लावतेस? जन्मभर लोकांना मला पळपुट्याची पोर म्हणू दिलंस!"

"हो, दिलं."

"हो काय, हो?"

"लोकांच्या टोमण्यांनी कुणी मरत नाही." पेर्सानं साल बाजूला टाकली. "तेव्हा तू एवढीशी होतीस. आता मोठी झालीस. त्या तिघांच्या तोंडावर ओरडलीस म्हणे?"

"ओरडले. परत ओरडेन."

"भीती नाही वाटली?"

"भीती वाटते ती तुझ्या हट्टाची! बाकी कुणाच्या बापाला भीत नाही मी."

पेर्सा पहिल्यांदाच हसली. तिनं एप्रनला हात पुसले.

"बरं. शनिवारी येते. माझ्या शेजारी उभी राहा. हलू नकोस."

शनिवारी थडग्याथडग्यावर मेलेल्यांच्या नावानं ठेवलेले उकडलेले गहू आणि वाइन होती. चर्चच्या दाराशी, गर्दीत, वुकोतानं स्वतः वाट करून दिली. "या, पेर्सावहिनी."

पेर्सानं मेणबत्ती पेटवली. ती खालच्या तबकाशी वाकली. माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग ती सरळ झाली आणि तिनं मेणबत्ती वर रोवली.

"झालं!" मास्तर खिदळला. "व्हिएन्नाला आमचा पण नमस्कार कळवा!"

यागोदाचे कान तापले. पण ती हलली नाही.

"वहिनी," वुकोता हळूच म्हणाला, "माणूस गेला. आता तरी त्याला खाली उतरू द्या. दगडावर नाव लागेल."

"तुमच्या दगडावर त्याचं नाव नको."

"काय?"

"आणि ओब्रादची मेणबत्ती मी अजून लावलेलीच नाही," पेर्सा म्हणाली. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी. "ज्याची माती दाखवली नाही त्याची मेणबत्ती लावायची कुठं? त्याची त्याच्या मातीवरच लागेल."

"मग इतकी वर्षं ही कुणासाठी?" मास्तरनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

पेर्सानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आपल्याच गल्लीतली मुसलमान बायकापोरं लाकडाच्या वखारीत कोंडली होती. वखार पेटवायचा हुकूम होता. ओब्रादनं दार उघडलं. मी त्याचा डबा घेऊन फळ्यांच्या थप्पीमागं उभी होते. पोरं नदीकडे पळाली, ती मी पाहिली. गोळी सुटली, तीही पाहिली. त्याच संध्याकाळी मला दारात येऊन विचारलं गेलं, पोरगी शाळेला एकटीच जाते ना?"

यागोदानं आईचा दंड घट्ट धरला.

"कुणी मारलं, आई?"

पेर्सा वुकोताकडे वळली.

"ही मेणबत्ती तुझी आहे, वुकोता. दर रविवारी तुझ्यासाठीच लावली, तू मरू नयेस म्हणून. मेलेला माणूस उत्तर देत नाही. बोल, कुठं पुरलंस त्याला?"