राजीनाम्यावरची सही

“इथं सही करा,” हजेरीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद कटिंग मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांच्या हातात अजून खडू होता. दहा मिनिटांपूर्वी ते कापडाच्या थरांवर बाहीचा नमुना आखत होते. तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बस म्हणण्याचीही तसदी न घेता सांगितलं, “ऑर्डरी नाहीत. उद्यापासून येऊ नका. बाईंकडे कागद आहे.” झालं. शर्ट कापण्यात घातलेल्या सतरा वर्षांचा निकाल उभ्याउभ्या लागला.

मास्तरांनी कागद वाचला. ‘घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ त्यांनी पुन्हा वाचला. नोकरी यांनी काढून घ्यायची, आणि वर आपणच सोडली असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं! बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, ते आता कुठे या महिन्यात ठरलं होतं. तिला काय सांगायचं? स्वखुशीनं सोडली म्हणून?

“सही नाही केली तर?”

“या महिन्याच्या बारा दिवसांचा पगार अडकेल, असं साहेबांनी सांगायला सांगितलंय.”

मास्तरांचं टाळकं सटकलं. या बाईंवर अख्ख्या कारखान्याचा दात होता. पाच मिनिटं उशीर झाला, की लाल शाईची खूण. मास्तरांची आई गेली तेव्हाचे तीन दिवसही त्यांनी बिनपगारी मांडले होते. तेव्हापासून मास्तर त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलत नसत.

“तुमचं काय जातंय, बाई? कुणीही येवो, कुणीही जावो, तुमची खुर्ची पक्की!”

काचेपलीकडे साहेब फोनवर बोलता बोलता इकडेच बघत होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पेन मास्तरांच्या हातात दिलं आणि सहीची जागा दाखवायला खाली वाकल्या.

“सही करू नका,” त्या पुटपुटल्या.

आपण चुकीचं ऐकलं, असंच मास्तरांना वाटलं.

“त्यांनी काढलं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, नाही तर त्या महिन्याचा पगार. एवढ्या वर्षांची भरपाई वेगळीच. राजीनामा दिलात, की सगळ्यावर पाणी. आणि भरलेल्या बारा दिवसांचं म्हणाल, तर ते पैसे कुणालाच अडवता येत नाहीत. नुसती भीती घालतायत. काढल्याचं पत्र मागा.”

हे सगळं बाई कागदावर बोट टेकवून, मान वर न करता बोलल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अडाण्याला अक्षर दाखवतायत.

सतरा वर्षांत साहेबांच्या एकाही कागदाला मास्तरांनी नाही म्हटलं नव्हतं. पेन कागदावर टेकलंसुद्धा होतं. त्यांनी ते उचललं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

“साहेबांना सांगा, मी राजीनामा देत नाही. तुम्ही काढताय ना? मग तसं लिहून द्या म्हणावं.”

आवाज चिरका निघाला, पण काचेपलीकडे पोचला. साहेबांनी फोन खाली ठेवला.

ते उठून दारापर्यंत यायच्या आत मास्तरांनी हळूच विचारलं, “बाई, हे सगळं तुम्ही आमच्यासाठी शोधून काढलंत?”

“छे हो. काल कामगार कार्यालयात गेले होते, ते माझ्यासाठीच,” बाई म्हणाल्या. “पण महिनाअखेरची तारीख घातलेल्या अशाच कागदावर मी परवाच सही करून बसले होते.”