हुकमी विनोद

अंध माणसाच्या कानांतून काही सुटत नाही, असं त्या स्टँडअप कॉमेडियनबद्दल छापून आलं होतं. प्रत्यक्षात हसणारे तेवढे त्याला कळायचे. बाकीच्यांना तो गैरहजर धरायचा.

दर शनिवारी शोला निघताना तो दारात घुटमळायचा. बाबा नुसतं "सांभाळून जा" म्हणायचे. मग स्टेजवर हुकमी विनोद ठरलेला: "बाबांनी माझा एकही शो पाहिलेला नाही. मीही नाही पाहिला. बापलेकांत साम्य काय ते एवढंच!" लोक सभागृह डोक्यावर घ्यायचे.

बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्या शोला डोअरकीपरने त्याचा हात धरला.

"वाईट झालं, दादा. दर शनिवारी शेवटच्या रांगेत बसायचे. तुम्हाला सांगू नको म्हणायचे."

"काहीतरीच! मला कळलं नसतं?"



"कसं कळणार? ते कधी हसलेच नाहीत."