मालेगावातलं बातमीपत्र

आदल्या दिवशी बाबांनी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं, टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या वाचल्या, बसने घरी आले आणि कोट हँगरला लावताना म्हणाले, "विमल, उद्या दाढीचं ब्लेड आणायला हवं." सकाळी ते उठलेच नाहीत.

गावाकडची दुखवट्याची बैठक मालेगावला, पन्नाकाकांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात होती. पोती मागे सारून सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष दुकानात, बायका आतल्या खोलीत, आणि विमल मधल्या उंबऱ्याशी. जऊळका स्टेशनवर गाडीतून उतरल्यापासून तिला एकच धास्ती होती. कुणी त्या प्रसंगाचा विषय काढू नये.

ते घडलं चार वर्षांपूर्वी. बाबा एका धरणाच्या पायाभरणीची बातमी देत होते. फिल्म अडकली आणि पडद्यावर पुन्हा बाबा आले. त्यांना ते कळलंच नाही. रुमालाने मान पुसत ते समोर कुणाला तरी म्हणाले, "काय करून राह्यले बे तुमी? फिल्म कुठी हाय? मले इथं घाम फुटून राह्यला न!"

सगळ्या मुंबईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने त्यावर चौकट छापली. दोन महिने बाबांना बातम्या वाचायला मिळाल्या नाहीत. वीस वर्षं त्यांनी आपली भाषा घासूनपुसून लख्ख केली होती. घरातसुद्धा ते बातम्या दिल्यासारखेच बोलत. त्या रात्री ते न जेवता झोपले. कुणी विषय काढला नाही, पुढेही कधी निघाला नाही. ती लाज उरात घेऊनच ते गेले, असं विमलला राहून राहून वाटत होतं.

मुनाफ टेलर आला. बाबांना नुसतं कांती म्हणणारा त्यांचा लंगोटीयार. तो सतरंजीवर टेकला. मग गल्ल्याच्या मेजाकडे बघत म्हणाला, "पन्नाभाऊ, आपला टीव्ही बंद झाला न."

शेवटी तो विषय निघालाच, असं विमलला वाटलं.

"कायचा टीव्ही?" बाहेरगावचा एक पाहुणा म्हणाला. "मालेगावात कुठी हाय टीव्ही?"

"या मेजावर होता. दर दिवाळीले. कांती इथं बसे, कोट घालून. अन् मी कॅमेरा." मुनाफने रॉकेलचं नरसाळं डोळ्याला लावावं तसा हात धरला. "पन्नाभाऊ फिल्मवाला."

"मी कायचा फिल्मवाला," काका पुटपुटले. "मी नुसता पोत्याइमांगं लपून बसो."

"मंग कांती रुमाल काहाडे." मुनाफने सावकाश मान पुसली. "अन् म्हने, काय करून राह्यले बे तुमी? फिल्म कुठी हाय?"

"मले इथं घाम फुटून राह्यला न!" तीनचार म्हातारे एकदमच बोलले.

"हा मुनाफ एकदा मधातच हसला," काकांना आता राहवेना. "तर कांती उठून उभा राह्यला. म्हने, कॅमेऱ्यानं हसू नाई! चला, पुन्हा पह्यल्यापासून!"

"अन् तिकडे समद्याइचा चहा थंडा होऊन जाय," आतून अंगुरीकाकूंचा आवाज आला.

सगळी सतरंजी हसली. काका हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

विमल ऐकत राहिली. दिवाळीला बाबा एकटेच गावी यायचे. परतल्यावर पिशवीतून चकल्यांचा डबा काढून ठेवायचे आणि "सर्व कुशल आहे," एवढंच सांगायचे. इथल्या एकानेही त्यांना टीव्हीवर पाहिलं नव्हतं. गावाने त्यांचं एकच बातमीपत्र पाहिलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. चार वर्षं छातीवर असलेली धोंड कुणीतरी बोलता बोलता उचलून बाजूला ठेवावी, तसं तिला झालं.

तेवढ्यात काकांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"चूप बे मुनाफ. पोरगी बसून हाय अन् आपण काय लावून राह्यलो."

हसू जागच्या जागी थांबलं. मुनाफने टोपी सारखी केली आणि हात जोडले. "माफ कर बेटी." पण त्याला गप्प बसवेना. "पन एक सांग. खरंच तसं झालं होतं का? का कांती आमाले बनवे? आमच्यातल्या कोनंच पाह्यलं नाई. तू पाह्यलं असशीन."

सगळे तिच्याकडे बघत होते. आतल्या बायकाही दाराशी आल्या होत्या.

"पाहिलं होतं," विमल म्हणाली. "अगदी तसंच झालं होतं. घामसुद्धा तस्साच पुसला होता."

म्हाताऱ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. तेवढ्यावर ती थांबू शकली असती.

"अन् मुनाफचाचा," गावच्या बोलीवर तिची जीभ अडखळली, तरी ती बोलत राहिली, "टीव्हीतले बाबा मले त्याच दिवशी पह्यल्यांदा आपले वाटले. लय आवडले. पन मी त्याहिले कधी सांगतलंच नाई."